अकरा जर्स्या, अकरा डिझाइनं: खडेबाजारातल्या माडीवरचा छपाईवाला

आधी निकाल सांगते, मग पुढचं वाचायचं का नाही ते तुम्ही ठरवा. छपाई चोख. कापड दिलेल्या पैशाला साजेसं. शिलाई बरी, पण ह्याहून बरी करता आली असती. माणसं बोलायला गोड, आणि मुख्य म्हणजे ऐकून घेणारी. एकेक जर्सी वेगळ्या डिझाइनची करून हवी असेल आणि 'पंधराचा सेट असला तरच घेतो' हे ऐकून कान किटले असतील, तर इथं जावा.

दुकान खडेबाजारातल्या एका बोळात, माडीवर. खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, त्याच्या कडेनं एकच माणूस चढेल एवढा जिना. पाटी कन्नडात, बिल इंग्रजीत, गिऱ्हाइकाशी बोलणं मराठीत, आणि कॉम्प्युटरवरच्या पोराशी मालकांची वादावादी अर्धी कन्नड अर्धी हिंदी. बेळगावात दुसरं काय असणार. नाव इथं टाकत नाही, कारण मालकांनीच हात जोडले. "अक्का, मे महिन्यात प्रेस गार होईत नाही. नाव घालून आणि गर्दी नका करू." शोधणाऱ्याला बोळ सापडतो.

मी वडगावात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, जूनमध्ये शाळांचे युनिफॉर्म घेते. सासरी पिढ्यान् पिढ्या माग, त्यातले थोडे यंत्रमाग अजून चालतात. कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवण बघायची, मग सुलटा, ही माझी खोड. तेव्हा खाली शिलाईबद्दल जरा जास्तच लिहिलंय, सांभाळून घ्या. फुटबॉल मला ऑफसाइडपर्यंतसुद्धा कळत नाही. ते खातं आमच्या भावजींचं. भावजी उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, आणि शिफ्ट नसेल त्या सकाळी लेले मैदानावर गल्लीतल्या पोरांना घेऊन खेळतात.

सुट्टीतलं शिबिर संपताना पोरांना जर्स्या द्यायच्या ठरल्या. पोरं अकरा. मी म्हटलं, घ्या की अकरा सारख्या, सेटमध्ये स्वस्त पडतंय. तर म्हणाले, "वैनी, अकराच्या अकरा वेगळ्या पाहिजेत. माणूस मात्र एकच."

तो माणूस म्हणजे रिकी लॅम्बर्ट, इंग्लंडचा फुटबॉल खेळाडू. मला नावही ठाऊक नव्हतं. शिबिरातलं एक पोरगं निवड चाचणीत गळालं आणि मैदानावर यायचंच बंद झालं. त्याच्यासाठी भावजींनी हा घाट घातला. लॅम्बर्टचा जन्म १९८२ चा, लिव्हरपूलजवळच्या कर्कबीचा. दहाव्या वर्षी लिव्हरपूल क्लबच्या पोरांमध्ये घेतला, पंधराव्या वर्षी 'तू चालत नाहीस' म्हणून घरी पाठवला. तिथून फिरत फिरत नऊ क्लब. भावजींना प्रत्येक क्लबची एकेक जर्सी हवी होती. पाठीवर पोराचं स्वतःचं नाव आणि नंबर, छातीवर क्लबचं गाव देवनागरीत, आणि खाली घेराजवळ बारीक अक्षरात लॅम्बर्ट तिथं होता ती वर्षं. नऊ क्लबांच्या नऊ, दहावी इंग्लंडची. अकरावीचं पुढं सांगते, ती खरी गंमत आहे.

ही ऑर्डर घेऊन मी जिथं जिथं गेले तिथं लोकांनी माझ्याकडं बघून हसून घेतलं. कुणी म्हणालं प्रत्येक डिझाइनचे वेगळे पैसे, कुणी म्हणालं विनाइलचा नंबर चिकटवून देतो, जर्सी तुम्ही आणा. विनाइल म्हणजे वरून चिकटवलेली फिल्म. पावसाळा संपायच्या आत कडा सुटतात, मग पोरं वर्गात बसून नखानं सोलतात. माडीवरच्या मालकांनी चिठ्ठी हातात घेतली, सगळी वाचली, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "एवढे क्लब बदलले म्हणजे माणूस भरवशाचा नव्हता काय?"

हा प्रश्न आमच्या भागातल्या माणसालाच सुचेल. निपाणीच्या पलीकडं गेलं की कोल्हापूर, आणि कोल्हापुरात फुटबॉलमधला पाटाकडील तालमीचा गडी दिलबहार तालमीकडं गेला तर पेठेत दुसरा विषय निघत नाही. मालकांची सासुरवाडी तिकडचीच निघाली. मी भावजींना फोन लावून त्यांच्या कानाला दिला. भावजींनी सांगितलं ते थोडक्यात असं: खालच्या डिव्हिजनचे क्लब गरीब, चांगला गोल करणारा माणूस त्यांना ठेवून परवडत नाही, विकला की वर्षभराचा खर्च निघतो. मॅक्लेसफील्डनं लॅम्बर्टला २००२ साली ३ लाख पौंडाला स्टॉकपोर्टला विकला. रॉचडेलनं २००६ साली २ लाखाला ब्रिस्टल रोव्हर्सला. रोव्हर्सनं २००९ साली १० लाखाच्या वर घेऊन साउदॅम्प्टनला. आणि साउदॅम्प्टननं २०१४ साली ४० लाखाला लिव्हरपूलला, म्हणजे ज्यांनी फुकट सोडला होता त्यांनाच. शेवटचं वाक्य ऐकून मालक खूश झाले. तिथंच ऑर्डर घेतली, डिझाइनचे वेगळे पैसे न लावता.

आता काम. रंगांची यादी वाचून मीच भावजींना विचारलं होतं, ह्या माणसाला निळ्या रंगाशिवाय कुणी घेतलं नाही काय? ब्लॅकपूल नारिंगी, हे ठीक. मग मॅक्लेसफील्ड निळा, स्टॉकपोर्ट निळा, रॉचडेल निळा, ब्रिस्टल रोव्हर्स निळा-पांढरा, वेस्ट ब्रॉम गर्द निळा आणि पांढऱ्या पट्ट्या, कार्डिफ परत निळा. आपल्याला टीव्हीवर दिसतात ते लाल कपडे ह्याच्या अंगावर आले तेव्हा वय सत्तावीस. सगळे निळे सारखे आले तर पोरं आपापसात भांडणार, म्हणून कॉम्प्युटरवरच्या पोरानं एक फार चांगलं काम केलं. त्याच कापडाच्या एका लांब पट्टीवर निळ्याच्या छटा ओळीनं छापून, प्रत्येकीखाली आकडा घालून माझ्या हातात दिल्या. "घरी घेऊन जावा अक्का, उन्हात बघा." पडद्यावरचा रंग आणि कपड्यावरचा रंग ह्यात जमीनअस्मानाचा फरक पडतो हे मला शिवणकामातून ठाऊक आहे. पण गिऱ्हाइकाला ते आपणहून सांगणारा छपाईवाला मला आधी भेटला नव्हता.

छपाई सब्लिमेशनची आहे. म्हणजे आधी खास कागदावर डिझाइन उलटं छापतात. कागदावर ते इतकं मळकं दिसतं की मला वाटलं शाई संपत आलीय. मग जर्सीचे पुढचा, मागचा आणि बाह्या असे तुकडे पांढऱ्या पॉलिएस्टरचे कापून घेतात, त्यावर तो कागद पालथा घालून हीट प्रेसखाली दोनशे अंशांच्या आसपास मिनिटभर दाबतात. शाईची वाफ होऊन धाग्यात शिरते. कागद उचलला की खाली असा झळझळीत रंग की मी तिथंच उभ्या बाईला हाक मारून दाखवला. रंग वरून लावलेला नसतो, धाग्यात गेलेला असतो, त्यामुळं सोलायचा प्रश्नच नाही. मर्यादा दोन. सुती कापडावर हे चालत नाही, पॉलिएस्टरच लागतं. आणि कपडा मुळात पांढरा असल्यामुळं आतली बाजू पांढरीच राहते. ती गोष्ट लिव्हरपूलच्या जर्सीत आडवी आली, पण त्याकडं येते.

कापड डॉटनिट, बारीक भोकांचं. मालक आधी साधं गुळगुळीत देत होते. मी हातात घेऊन ताणलं, परत ठेवलं, ते समजले. दरात दहा रुपयांचा फरक. घाम येणाऱ्या पोरांना डॉटनिटच घ्या.

पहिल्या चार जर्स्या शिवून आल्या त्या दिवशी मी एकटीच गेले होते आणि त्या टेबलावर पसरून बघताना मला ह्या लॅम्बर्टमध्ये पहिल्यांदा रस वाटला. कारण भावजींनी प्रत्येकीला जोडलेल्या चिठ्ठीत गावाबद्दल दोन ओळी होत्या. मॅक्लेसफील्ड हे रेशमाचं गाव, तिथल्या संघाला लोक 'सिल्कमेन' म्हणायचे. स्टॉकपोर्ट टोप्या करणाऱ्यांचं, ते 'हॅटर्स'. रॉचडेल सुती गिरण्यांचं. म्हणजे हा माणूस विशी ते पंचविशीत रेशीम, टोपी आणि सूत असा कापडवाल्यांच्याच गावांतून हिंडत होता! लँकेशायरच्या गिरण्यांनी आमच्या मागांचं काय केलं ते आमचे आजेसासरे शिव्यांसकट सांगायचे, त्यामुळं त्या प्रांताबद्दल मला फार प्रेम नाही. पण रॉचडेलच्याच विणकरांनी आणि कामगारांनी १८४४ साली अठ्ठावीस जणांत मिळून टोड लेनमध्ये पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या विकायचं सहकारी दुकान काढलं, आणि जगभरातल्या सहकारी सोसायट्या तोच कित्ता गिरवतात. वडगाव-शहापुरात सोसायटी म्हटलं की प्रत्येकाचं एक मत असतं आणि ते चांगलंच असतं असं नाही. तरी ती निळी जर्सी मी इतरांपेक्षा जरा जास्त वेळ हातात धरली. शिलाईतही तीच सगळ्यांत उजवी निघाली. गळ्याची रिब सपाट बसलेली, खांद्यावर आतून टेप, घेराला फ्लॅटलॉकची दुहेरी टीप, दोरा निळाच.

मॅक्लेसफील्डचा मूळ क्लब २०२० साली कर्जापायी गुंडाळला गेला. त्या गावात आता नव्या नावानं संघ आहे. छपाईच्या पोराला इंटरनेटवर आधी त्या नव्या संघाचेच फोटो सापडत होते, त्यामुळं भावजींकडून जुना फोटो मागवावा लागला. इथं एक सूचना: ह्या लोकांकडं डिझाइनं तयार नसतात, फोटो तुम्ही न्यायचा. क्लबचा बिल्ला आणि कंपनीचं चिन्ह मात्र ते छापत नाहीत. मालकांनी स्वच्छ सांगितलं, "रंग घ्या, पट्टे घ्या, शिक्का नको." मला ते आवडलं.

ब्रिस्टल रोव्हर्सची जर्सी ही ह्या ऑर्डरीतली परीक्षा. तिला पट्टे नाहीत, चौकटी आहेत: छातीचे चार भाग, निळा-पांढरा, खाली पांढरा-निळा, पाठीवर तसेच, बाह्या उलट्या रंगाच्या. कागदावर सोपं दिसतं. पण शिवताना पुढच्या भागाची आडवी रेघ आणि मागच्या भागाची आडवी रेघ बगलेखालच्या शिवणीवर एका पातळीत भेटली पाहिजे. नाही भेटली तर लांबूनसुद्धा जर्सी वाकडी दिसते. इथं डाव्या बाजूला दोन सूत फरक आला. मी बोट ठेवून दाखवलं. शिवणारा आतल्या खोलीत बसतो, बाहेर येऊन म्हणाला, "आगंगिल्ल अक्का," म्हणजे जमत नाही, "ओव्हरलॉकला कपडा सरकतो." सरकतो हे खरं. म्हणूनच आधी टाचण्या लावायच्या असतात. हे मी त्याला म्हटलं, तो मालकांकडं बघायला लागला, मालक छताकडं. शेवटी ती शिवण उसवून परत केली, पैसे न घेता, माझ्यासमोर टाचण्या लावून. दुसऱ्यांदा रेघ बरोबर जुळली. म्हणून मी शिलाईला नापास करत नाही. येतं त्यांना, घाई नडते.

आणि ह्या चौकटीच्या जर्सीतच लॅम्बर्ट मोठा झाला. २००७ साली रोव्हर्स लंडनच्या नव्या वेम्बली मैदानावर श्रूजबरीला ३-१ हरवून वरच्या डिव्हिजनमध्ये गेले. २००८ साली एफ.ए. कपात त्यांनी साउदॅम्प्टनला १-० हरवलं, तो एकुलता गोल लॅम्बर्टच्या फ्री किकचा. पुढच्या मोसमात लीगमध्ये २९ गोल, त्या डिव्हिजनमध्ये संयुक्त पहिला. ज्यांना गोल घातला तेच साउदॅम्प्टनवाले पुढच्या वर्षी पैसे घेऊन दारात. भावजी म्हणतात, मुलाखतीला असं जावं.

साउदॅम्प्टनच्या जर्सीवरून दुकानात बराच वाद झाला. भावजींनी लिहिलं होतं 'लाल-पांढरे उभे पट्टे'. पोरानं इंटरनेटवर बघून लाल कपड्यावर दोऱ्याएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा काढल्या होत्या आणि तो ठाम होता की हेच खरं. भावजी फोनवर तापले. खरं तर दोघंही बरोबर होते. क्लबचा जुना बाणा रुंद पट्ट्यांचा, पण लॅम्बर्ट प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या डिव्हिजनमध्ये, उतरला त्या २०१२-१३ च्या मोसमात क्लबनं लाल आणि बारीक रेघांचा कपडा काढला होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर नुसता लाल. मधे २०१०-११ ला क्लबच्या १२५ वर्षांसाठी पांढरा कपडा आणि त्यावर तिरका लाल पट्टा होता. पाच वर्षांत इतके कपडे बदलले. शेवटी रुंद पट्टे ठरले, कारण खालच्या डिव्हिजनमधून वर चढतानाचे ते दिवस. पट्टे पुढून मागं खांद्यावर जुळलेत, एकही तुटलेला नाही. खांद्याची शिवण मी दोनदा उलटून पाहिली.

हे चढणं ऐकण्याजोगं आहे. लॅम्बर्ट २००९ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा साउदॅम्प्टन तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होता, आणि क्लब दिवाळखोरीत गेल्याच्या शिक्षेपायी मोसमाची सुरुवात उणे १० गुणांनी. मॅनेजर ॲलन पार्ड्यू. त्यानं आल्या आल्या तोंडावर सांगितलं की तू जाड आहेस, वजन उतरवलंस तर वरपर्यंत खेळशील. माणसानं वजन उतरवलं. पहिल्याच मोसमात लीगमध्ये ३० गोल. वेम्बलीवर कार्लाइलला ४-१ हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी, तिथंही ह्याची पेनल्टी. २०११ ला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, २०१२ ला प्रीमियर लीगमध्ये, आणि त्या २०११-१२ च्या मोसमात २७ गोल करून डिव्हिजनमध्ये पहिला. प्रीमियर लीगची पहिली मॅच मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, बदली म्हणून उतरला आणि गोल केला. वय तीस. त्या मोसमात लीगमध्ये १५ गोल. आणि साउदॅम्प्टनसाठी मारलेल्या पेनल्ट्या ३४, आत गेल्या ३४. हा आकडा ऐकल्यावर प्रेसवाला पोरगा काम थांबवून वळला होता.

इंग्लंडची जर्सी पांढरी. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की अक्षरं आणि नंबर सोडले तर पांढऱ्यावर छपाईच नाही, त्यामुळं कापडाची खरी जात तिच्यात कळते, आणि कापड पास. आपल्या लाल मातीत पांढरी जर्सी द्यायची नाही असं मी आधीच म्हणत होते, पण भावजींनी ती त्या चाचणीत गळालेल्या पोराला राखून ठेवली होती. १४ ऑगस्ट २०१३ ला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध रूनीच्या जागी लॅम्बर्ट उतरला, बेन्सचा कॉर्नर आला, ह्यानं डोक्यानं आत घातला. इंग्लंडसाठी चेंडूला लागलेला तो पहिला स्पर्श, आणि इंग्लंड ३-२ जिंकलं. एकतिसाव्या वर्षी पहिली मॅच. एकूण ११ मॅच, ३ गोल. २०१४ च्या वर्ल्ड कपला ब्राझीलला नेला, पण उरुग्वेविरुद्ध शेवटची काही मिनिटं तेवढी मिळाली.

लिव्हरपूलची जर्सी ह्या अकरांत सगळ्यांत पडेल. दोष रंगाचा नाही, लाल छान आलाय. पण अख्खी एकरंगी जर्सी असली की लपायला जागा नसते. बगलेच्या आणि बाहीच्या शिवणीवर, हात वर केला की कपडा ताणून आतला पांढरा धागा डोकावतो. पट्ट्यांच्या जर्सीत हे डोळ्यांना कळत नाही, इथं कळतं. उपाय सोपा आहे: टीप बारीक घ्यायची, कडेला छपाई जरा जास्त सोडायची, आणि दोरा लाल वापरायचा. ह्यांनी पांढरा वापरला. मालकांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या ब्लाउजच्या गिऱ्हाइकानं असला दोरा चालवून घेतला नसता, पण पोरांना लिव्हरपूलच सगळ्यांत जास्त हवी होती, त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. खुद्द लॅम्बर्टलाही ती सगळ्यांत जास्त हवी होती म्हणे. मिळाली तेव्हा वय बत्तीस. वर्षभरात लीगमध्ये २ गोल आणि चॅम्पियन्स लीगमध्ये बल्गेरियाच्या लुडोगोरेट्सविरुद्ध एक. बहुतेक वेळ बाकावर.

वेस्ट ब्रॉम आणि कार्डिफ ठीक, दोन्हीत नाव ठेवण्यासारखं काही नाही. कार्डिफचा मालक मधे हौसेनं क्लबला लाल कपडे घालायला लावत होता, लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०१५ च्या जानेवारीत निळे परत आले, म्हणून लॅम्बर्टला २०१६ मध्ये निळाच मिळाला. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं खेळणं थांबवलं.

आता अकरावी. गोलकीपरची जर्सी वेगळ्या रंगाची लागते, आणि लॅम्बर्ट काही गोलकीपर नव्हता. भावजींनी लिहिलं होतं, 'बीटरूट'. २००० साली ब्लॅकपूलनं सोडल्यावर त्याच्याकडं क्लबच नव्हता. तेव्हा तो बीटाच्या कारखान्यात दिवसाला २० पौंडांवर काम करायचा आणि मॅक्लेसफील्डकडं पगाराशिवाय सरावाला जायचा. बरण्यांची झाकणं लावायचं काम. तर गोलकीपरला बीटाच्या रंगाची जर्सी, छातीवर गावाच्या जागी 'कारखाना'.

पोरानं पहिल्यांदा छापून दाखवला तो चक्क राणी रंग. लग्नातल्या नऊवारीचा. मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा आला तो वांग्याकडं झुकलेला. मालक म्हणाले, "चालतंय की अक्का, लांबून कोण बघतंय." मी घरून मॅचिंगच्या पेटीतला एक ब्लाउजपीस नेला, बरोबर उकडलेल्या बीटाचा, आणि म्हटलं हा घ्या. पोरानं तो प्रेसच्या दिव्याखाली धरला, निळा थोडा कमी केला, काळा चिमूटभर वाढवला, पट्टी छापली, परत धरला. जेवणाची वेळ झाली होती तरी उठला नाही. तिसरी छटा जुळली. सगळ्या ऑर्डरीत मला ह्या एका जर्सीसाठी त्या पोराचं कौतुक जास्त वाटतं, आणि त्यानं त्याचा दर जादा लावला नाही.

अक्षरांबद्दल सावध करते. कन्नड आणि इंग्रजी त्यांच्या हातात बसलंय, देवनागरी तेवढं नाही. 'कार्डिफ' मधला रफार पहिल्या नमुन्यात भलत्याच अक्षरावर बसला होता आणि 'मॅक्लेसफील्ड' मधली जोडाक्षरं पाय मोडून उभी होती. सांगितल्यावर लगेच दुरुस्त करतात, पण सांगणारं माणूस पाहिजे. कागदावर छापायच्या आधी पडद्यावर स्वतः वाचा, पोरांची आडनावं तर अक्षर अक्षर करून. मोबाइलवर फोटो पाठवतो म्हणाले तरी जाऊन बघा.

दर: एकेक वेगळी असल्यामुळं डॉटनिटची ३८० रुपये एक. तेच पंधराच्या वरचा एकसारखा सेट असेल तर २६० ला देतात. वाटाघाट फार होत नाही, पण जीएसटीचं बिल न मागता दिलं. अर्धे पैसे आधी. सांगितलेल्या वाराला नऊ तयार होत्या, दोन मागाहून मिळाल्या, त्यातली एक माझ्याच उसवणीमुळं. लग्नसराईत आणि गल्लीगल्लीतल्या स्पर्धांच्या दिवसांत जाल तर जादा वेळ धरा.

धुण्याचं म्हणाल तर मी मुद्दाम दोन जर्स्या आधी घरी धुऊन बघितल्या, एक साध्या पाण्यात, एक साबणात भिजवून. रंग उतरला नाही, एकीचा दुसरीला लागला नाही. इस्त्री गरम लावू नका, पॉलिएस्टर चकाकतं. इंग्लंडच्या पांढरीला लाल माती लागली ती लागलीच, त्याला छपाईवाला काय करणार. तिच्या कोपरांवर डाग आहेत, कारण पोरगं परत खेळायला यायला लागलंय.

एक राहिलंच. गोलकीपरसाठी करणार असाल तर पूर्ण बाही पहिल्या दिवशीच सांगा आणि बिलावर लिहून घ्या. त्यांचा कटिंगचा साचा अर्ध्या बाहीचाच आहे. आमच्या बीटाच्या जर्सीला मी घरी उरलेल्या कापडाची बाही जोडली.